दूध संघातली सासू आणि सोळावा संचालक

दूध तापवून बाजूला ठेवलं की साय आपोआप धरते, कुणी मुद्दाम धरायला जात नाही. आमच्या दूध संघातले किस्से तसेच. आम्ही कुणी ते जमवायला बसलो नव्हतो. रोजचं काम करत होतो, डबा खात होतो, एकमेकांच्या चुका पोटात घालत होतो, आणि वर्षाअखेरीस बघते तर एवढा जाड थर! परवा माहेरी गेले तर भावजय पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच म्हणाली, "वन्सं, त्या सासूचं सांगा की!" माझी सासू जाऊन नऊ वर्षं झाली. भावजयीला हवी होती आमच्या ऑफिसातली सासू. तिचंच सांगते.

मी कोल्हापूरजवळच्या एका लहानशा दूध संघात क्लार्क आहे. वीस-बावीस वर्षं आवक-जावक रजिस्टर लिहिलं. मग एक दिवस माझ्या टेबलावर मोठा स्क्रीन आला आणि माझं कामच बदललं. फिरतीवरच्या प्रत्येक माणसाच्या मोबाइलमध्ये एक ॲप, त्या ॲपचं माझ्या स्क्रीनवर एक निळं टिंब, आणि ते टिंब कुठे फिरतंय ते मी बघत बसायचं. ॲपचं खरं नाव 'सोबती'. पण कुठे गेलास, कुणाबरोबर गेलास, किती वाजता आलास, असं दिवसभर विचारणाऱ्याला आपल्याकडे सोबती म्हणत नाहीत. चार दिवसांत त्याचं नाव सासू पडलं!

*

सासूचा गृहप्रवेश थाटात झाला. एका मोबाइलला हार घातला, त्याच्यापुढे नारळ फोडला. नारळाचं पाणी मोबाइलवर उडालं तेव्हा ॲप बसवायला पुण्याहून आलेले इंजिनिअर धावत आले आणि रुमालाने पुसू लागले. आमच्याकडे नव्या माणसाला पावणं म्हणतात. त्यांनी आपलं नाव तीनदा सांगितलं, तरी शेवटपर्यंत ते पावणंच राहिले.

आमचे चेअरमन म्हणजे आबा. आबा भाषणात रंगले. "हितं कोण सायेब न्हाय, कोण नोकर न्हाय! आम्हीबी कामगारच हाय! आमचंबी तोंड घ्या त्या मशिनीत!" झालं, पंधराच्या पंधरा संचालक ओळीत उभे राहिले. फेट्यामुळे कपाळ दिसत नव्हतं, म्हणून एकेकाचा फेटा उतरवून चेहरा नोंदवला. ॲपमध्ये संचालकांसाठी वेगळी यादी नव्हती. पावण्यांनी सगळ्यांना 'कर्मचारी' या यादीत टाकून दिलं. त्या दिवशी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

नियम साधा होता. दर दोन तासांनी फिरतीवरच्यांचा मोबाइल वाजणार, वाजला की असाल तिथून स्वतःचा फोटो काढायचा. चेहरा जुळला की हजर, नाही जुळला की गैरहजर. गैरहजेरी साचली किंवा कामाच्या वेळेत संघाच्या हद्दीबाहेर सापडलात, की माझ्या टेबलाजवळचा प्रिंटर आपोआप मेमो छापणार, खाली आबांची छापील सही. तीन मेमो झाले की घरी.

वर आबांनी आणखी एक हौस केली. बाहेरच्या हॉलमध्ये भिंतीभर टीव्ही लावला. कुणाचीही हजेरी लागली की त्याचा फोटो, नाव आणि ठिकाण दोन मिनिटं टीव्हीवर! "पारदर्शक कारभार! कुणीबी यावं आन् बघावं!" असं म्हणून आबांनी स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

*

पहिला बळी रावसाब. रावसाब आमचे सुपरवायझर, गावोगावच्या डेअऱ्या फिरून दूध तपासणारे. उंच, धिप्पाड, आणि आवाज असा की शेजारच्या गावातली म्हैस वळून बघेल.

पहिल्याच दिवशी दहाच्या हजेरीला ते एका गोठ्यात होते. मोबाइल वाजला, त्यांनी तिथेच उभं राहून फोटो काढला. हॉलमधल्या टीव्हीवर फोटो झळकला. डाव्या बाजूला रावसाबांचा अर्धा चेहरा, मागे एक म्हैस. हिरवा चौकोन बरोबर म्हशीच्या तोंडाभोवती! आणि खाली ठळक अक्षरांत, 'रावसाब. हजर.'

संध्याकाळी ते तणतणत आले. "वैनी, ही काय थट्टा? मी उभा असताना म्हशीची हजेरी?"

मी म्हटलं, "लागली ना हजेरी? मग गप बसा की."

ते घरी गेले आणि बायकोला तो फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडूनच आले. मी विचारलं, काय म्हणाल्या वहिनी? म्हणाले, "ती म्हणती, मशिनीला एका दिवसात कळलं. मला कळायला लगीन करावं लागलं!"

*

आता जरा न हसण्यासारखं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

डॉक्टर स्नेहल आमच्याकडची जनावरांची डॉक्टर. हातकणंगल्याची पोर, तिशीही ओलांडली नसेल, पण अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू सोडवणारी. एका सोमवारी एक संचालक माझ्याकडे आले, खुर्ची ओढून बसले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "काल आयतवारी डॉक्टरचं टिंब कुठं हुतं हो?" सुट्टीच्या दिवशीही सासू झोपत नसे, हे मला ठाऊक होतं. मी बटण दाबलं आणि सांगून टाकलं, "रंकाळ्यावर. संध्याकाळी दोन तास."

हे मी केलं. मीच. साहेबांनी विचारलं, क्लार्कने सांगितलं. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

दुपारी कँटीनमध्ये तेच संचालक चार माणसांसमोर स्नेहलला म्हणाले, "काय डॉक्टर, काल रंकाळ्यावर कोण हुतं बरोबर?" ती लाल झाली. डबा तसाच टाकून उठून गेली. मग माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि म्हणाली, "मावशी, आई होती बरोबर. पण कुणीही असतं तरी ह्यांना काय करायचंय?" मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. माझ्या मुलीच्या वयाची ती, आणि मी तिची चुगली केली होती.

रात्रभर विचार केला. मी काय करू शकते? मला कॉम्प्युटर येत नाही, कायदा येत नाही. मला येतं फक्त रजिस्टर! सकाळी कोरं रजिस्टर काढलं, लाल शाईने रकाने आखले. कुणाचं टिंब बघायचं, कोण बघणार, कशासाठी, आणि बघणाऱ्याची सही. शेवटचा रकाना, 'ज्याचं टिंब बघितलं त्याला कळवलं, त्याची सही.'

आठ दिवसांनी तेच संचालक परत आले. "जरा डॉक्टरचं बगा हो." मी हसून रजिस्टर पुढे सरकवलं. "इथं कारण लिहा साहेब. इथं सही."

त्यांनी सगळे रकाने वाचून काढले. "ह्ये कशाला?"

"पारदर्शक कारभार," मी म्हटलं.

त्यांनी पेन हातात घेतलं, परत ठेवलं, आणि चष्मा घरी राहिला म्हणून निघून गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता! त्या रजिस्टरात आजतागायत एकही सही नाही. तेव्हापासून कुणाला कुणाचं टिंब बघायची गरजच पडलेली नाही.

*

स्नेहल मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिने त्या ॲपच्या अटी मोबाइलवर उघडून कँटीनमध्ये मोठ्याने वाचायला घेतल्या. इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची. जागा कळणार, फोटो कळणार, फोनमधले नंबर कळणार, आवाजसुद्धा कळणार! रावसाब भाकरीचा घास हातात धरून म्हणाले, "म्हंजे मी गाडीवर एकटाच आबांना शिव्या देतो, त्या बी?"

"त्या आधी," स्नेहल म्हणाली.

आवाजाची आणि नंबरांची परवानगी कुठून बंद करायची ते तिने प्रत्येकाला हातात मोबाइल देऊन शिकवलं. राहिली जागा. मोबाइल बंद केला किंवा जागेचं बटण बंद केलं तर सासू 'टाळाटाळ' असा शेरा मारायची. पण एक गोष्ट ती माफ करायची, ती म्हणजे रेंज नसणं. आमच्या खेड्यापाड्यांत रेंज जाते, त्याला कोण काय करणार?

उपाय सापडला तो चुकून. एका डेअरीत दुधाचा रिकामा कॅन वाकून बघताना स्नेहलच्या खिशातून मोबाइल आत पडला. चाळीस लिटरचा जाड कॅन. तिथल्या माणसाने न बघता वर घट्ट झाकण ठोकलं. इकडे माझ्या स्क्रीनवर तिचं टिंब गायब! खाली शेरा, 'रेंज नाही. क्षमस्व.' सासू क्षमा मागत होती!

ती परत आली तेव्हा मी तिला ते दाखवलं. ते बघून तिने एकदम उडीच मारली. "मावशी, कॅन!"

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाची हजेरी लागली की आवारात एकच आवाज. ठण्ण! मोबाइल आत, झाकण वर. ठण्ण! ठण्ण! ड्युटी संपली! ज्यांना घरी फोन लागायचा ते जुना बटणांचा फोन वापरू लागले. माझ्या स्क्रीनवर एकेक टिंब विझत जायचं, आणि तुम्हाला खरं सांगते, दिवसभरात मला सगळ्यात जास्त आनंद त्याच वेळी व्हायचा.

*

पावण्यांना शंका आलीच. ते पुण्याहून लॅपटॉप घेऊन आले. "मॅडम, रोज सहा वाजून एक मिनिटाने अख्ख्या तालुक्याची रेंज कशी जाते?"

रावसाब पुढे झाले. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलू न देता म्हणाले, "पावणं, सांजच्याला धारा काढायची येळ असती. टावर चालू असला की म्हशी पान्हा सोडत न्हाईत. म्हणून टावरवालं तेवढ्यापुरतं बंद ठेवत्यात."

पावण्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे, रेडिएशनमुळे?"

"त्येच की!"

आणि पावण्यांनी ते लॅपटॉपमध्ये लिहून घेतलं!

*

ह्या सगळ्या भानगडीत माझ्या घरीही एक प्रकार झाला. मुलगा नोकरीला बेंगळुरूला. आईबाबा एकटेच असतात म्हणून त्याने दिवाळीत आमच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवला. काळजीपोटीच. पण मग त्याचे फोन यायला लागले. "आई, दुपारी कोण आलं होतं? सोफ्यावर पाय घेऊन बसले होते." "आई, बाबांनी दोनदा लाडू खाल्ला." आठ दिवस सहन केलं. मग ह्यांचा आंघोळीचा पंचा नेऊन त्या कॅमेऱ्यावर वाळत घातला.

तासाभरात फोन. "आई, काही दिसत नाहीये!"

"दिसत नाही ना?" मी म्हटलं. "मग फोन करत जा. फोनवर ऐकू येतं."

आता रोज करतो. पंचा अजून तिथेच आहे.

*

पण सासूने खरा छळ मांडला तो शंकरमामांचा.

शंकरमामा म्हणजे आबांच्या गाडीचे ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं संघाच्या गाडीवर. पाचसहा चेअरमन आले नि गेले, स्टिअरिंग मामांच्याच हातात. त्यांची ओळख म्हणजे मिशी. दोन्ही टोकांवर लिंबू ठरेल अशी! लांबून आधी मिशी दिसायची, मग गाडी.

पण सासूच्या गृहप्रवेशाच्या दिवशी नेमकी ती मिशी नव्हती. बारा दिवसांपूर्वी मामांचे वडील गेले होते. दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवलेली. त्याच गुळगुळीत चेहऱ्याचा फोटो ॲपमध्ये गेला. दोन महिन्यांत मिशी परत आली, पहिल्यासारखी पिळदार, आणि सासूने मामांना ओळखायचं सोडून दिलं! 'अनोळखी व्यक्ती. गैरहजर.' दहाला गैरहजर, बाराला गैरहजर. गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस गैरहजर!

पहिला मेमो माझ्याच प्रिंटरने छापला. तो मीच मामांच्या हातात दिला. मामा कागद उलटसुलट बघत होते. म्हणाले, "अठ्ठावीस वर्सात गाडीवर एक ओरखडा न्हाय, वैनी. आन् ह्यो कागदावर पडला की."

पावण्यांना बोलावलं. नवा फोटो घ्या, म्हटलं. ते म्हणाले, फोटो बदलायची सोय पुढच्या आवृत्तीत येईल. मग मामांकडे बघून त्यांनी अगदी सहज सुचवलं, "मिशीच काढून टाका ना. दोन मिनिटांचं काम!"

कँटीनमधला चहा ओतणारा ओतायचा थांबला. मामा सावकाश उठले.

"पावणं," ते म्हणाले, "मिशी बाप गेल्यावर काढत्यात. माझा बाप गेला, मी दिली. आता परत काढायला दुसरा बाप कुठनं आणू?"

पावणं त्या दिवशी जेवणाला थांबले नाहीत.

महिनाभराने दुसरा मेमो छापला. गैरहजेरी पुन्हा साचू लागली, आणि तिसरा मेमो म्हणजे घरी. मामांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. फेटा बांधून, हार घालून निरोप घ्यायचा माणूस, 'गैरहजर' म्हणून हाकलला जाणार! मी आबांकडे गेले तर आबा म्हणाले, "मशिनीपुढं माझं काय चालतंय? नियम म्हंजे नियम." मग स्नेहलने अर्ज लिहिला आणि आम्ही एकजात सगळ्यांनी सह्या केल्या. रावसाबांनी तर ज्या डेअरीत जातील तिथून सह्या आणल्या. एवढा गठ्ठा पुण्याला गेल्यावर पावण्यांनी एक वाट काढून दिली. चेहरा जुळला नाही तर नोंद झालेले किमान दोघे साक्षीदार शेजारी उभे करून फोटो काढायचा. सासू साक्षीदारांना ओळखणार, त्यांची नावं छापणार, आणि मग मामा हजर!

तेव्हापासून दर दोन तासांनी मामा आवारात माणसं पकडत फिरायचे. "ओ रावसाब, या जरा. ओ डॉक्टर, हात धुवा नि या." मला म्हणायचे, "लग्नाला साक्षीदार लागत्यात त्ये ठावं हुतं. मी जिता हाय म्हणून लागतील असं वाटलं न्हवतं!" तिसऱ्या मेमोला आता एकच गैरहजेरी कमी होती, पण ती त्यांनी होऊ दिली नाही.

*

आता शेवटचा.

आबांची मुदत संपली आणि नव्या चेअरमनची निवड लागली. संचालक पंधरा. आठ ज्याच्या बाजूला, खुर्ची त्याची. आबांना खुर्ची सोडायची नव्हती आणि व्हाइस चेअरमन बापूंना ती हवी होती. आबा म्हणायचे, "माझ्याकडं आठ हाईत." बापू म्हणायचे, "माझ्याकडं आठ हाईत." आठ आणि आठ सोळा! आम्ही कँटीनमध्ये डोकं खाजवत बसायचो. हा सोळावा संचालक कोण? कुणीतरी एक जण दोन्हीकडे जेवत होता, एवढं नक्की.

निवडीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे काय होतं हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. संचालक गायब होतात! दुसऱ्या बाजूने फोडू नयेत म्हणून त्यांना लांब कुठेतरी नेऊन ठेवतात, आणि मतदानाला थेट दारात आणून उतरवतात. ठिकाण अगदी घरच्यांनाही कळू देत नाहीत.

त्या दिवशी सकाळी दहाला आबा आवारात आले. मी आणि रावसाब मामांच्या दहाच्या हजेरीला साक्षीदार म्हणून उभे होतो. मामांना हद्दीबाहेरचा मेमो लागू नये म्हणून त्यांची ट्रिप मी सासूला आधीच कळवली होती, 'चेअरमनसाहेबांसोबत, बाहेरगावी.' आबा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "वैनी, एक रिकामा कॅन द्या. झाकणाचा."

ह्यांना कळलं होतं तर! पण आबा रागावलेले नव्हते. उलट डोळा मिचकावून म्हणाले, "लई भारी डोकं चालवलंय तुम्ही लोकांनी. आज आमालाबी लागतंय." कॅन गाडीत चढला. वाटेत एकेक संचालक बसणार आणि प्रत्येकाचा मोबाइल त्यात जाणार. आबांनी स्वतःचा आधी टाकला. मग मामांना म्हणाले, "तुझाबी टाक."

मामा जागचे हलले नाहीत. "सायेब, दोन मेमो झाल्यात. दोनची हजेरी चुकली तर तिसरा. तुमच्याच सहीचा."

आबांनी घड्याळ बघितलं, वैतागले, आणि हात झटकला. "बरं, ठेव तुझा! तुला कोण बगतंय?"

गाडी निघाली. बाराला मामांचं टिंब घाटात गायब झालं, खाली शेरा 'रेंज नाही. क्षमस्व.' म्हणजे बाराची हजेरी माफ.

इकडे बापू तीन-चार माणसं घेऊन सकाळपासून हॉलमध्ये टीव्हीखालच्या सोफ्यावर तळ ठोकून. "आबा कुठं गेलाय, वैनी?" मी रजिस्टर पुढे केलं, कारण लिहा, सही करा. बापू हसले. "ऱ्हाऊ द्या. आमाला गरजच न्हाय. आमचे आठ पक्के." मग बोटांवर मोजत नावं सांगू लागले. आठवं नाव त्यांच्या मेहुण्याचं, संपतरावांचं. "त्याचा गुडघा बसलाय. मिरजेच्या दवाखान्यात पडून हाय. पर उद्या ॲम्ब्युलन्समधनं येऊन मत देणार! भणीचा नवरा हाय मी त्याच्या, कुठं जातोय!" एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

बरोबर दोन वाजता टीव्ही वाजला.

पडद्यावर आधी आली ती मिशी. निम्मा पडदा मिशी! तिच्या मागे निळंशार पाणी. आणि पाण्यात, उघड्या अंगाने, आमचं अर्धं संचालक मंडळ! आबा मधोमध, कमरेला फुगवलेली ट्यूब, हातात काजूची बशी. एकेकाच्या तोंडाभोवती टपाटप हिरवे चौकोन उमटायला लागले. खाली ठळक अक्षरांत, 'शंकरमामा. हजर. ठिकाण, आजऱ्याच्या पुढे, जलतरण तलाव. साक्षीदार…' आणि एकापाठोपाठ एक नावं.

बापू उभे राहिले. पडद्यावर बोट ठेवून मोजू लागले. "एक… दोन… पाच… सात… आमाला ठावंच हुतं, सातच हाईत त्याच्याकडं!"

तेवढ्यात आठवा चौकोन उमटला. तो पाण्यात नव्हता. पाण्याच्या वर होता! काठावरून उडी मारलेला माणूस, दोन्ही हात आभाळाकडे, आणि उजवा गुडघा थेट कानापर्यंत दुमडलेला.

बापूंचा चहा बशीत सांडत होता.

"ह्यो…" बापू म्हणाले, "ह्यो आपला मेहुणा हाय की!"

तेवढ्यात माझ्या खोलीत प्रिंटर सुरू झाला. मी धावत गेले. एक कागद, दोन कागद, तीन… 'आपण कामाच्या वेळेत संघाच्या हद्दीबाहेर आढळलात. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' आठ मेमो! पहिलाच आबांच्या नावाचा, आणि खाली आबांचीच सही.

बाहेर आरडाओरडा, गाड्यांचे दरवाजे, 'आजरा! आजरा!' असा ओरडा. आणि टेबलावरचा फोन वाजला.

"वैनी," शंकरमामा विचारत होते, "हजेरी लागली न्हवं?"

"लागली, मामा," मी म्हटलं. "सगळ्यांचीच लागली."

"बरं झालं बगा," मामा म्हणाले. "आता चारची लावतो."